भिंत बांधणारे बंदिवान

वाचकहो, तुरुंगांतून सुटून आलेल्या मनुष्यावर विश्वास केव्हां ठेवावा, तो सुधारल्यावर कीं त्यापूर्वींच? गांवांत असा कोणी परत आला म्हणजे बहुतेक जण म्हणतात, "आधीं दोन वर्षें पाहूं." आम्हींही असें म्हटलें आहे. परंतु अमेरिकेंतील एका तुरुंगाची हकीकत वाचल्यापासून आमच्या मनास स्वस्थता नाहीं.

मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, बोस्टन शहराच्या नैर्ऋत्येस, नॉरफोक नांवाचें गांव आहे. तेथें १९२७ सालीं चार्ल्सटाउनच्या तुरुंगांतून कैदी आणून त्यांच्याच हातून नव्या तुरुंगाची भिंत बांधविण्यास आरंभ झाला. ही भिंत सुमारें १९ फूट उंच असून तिच्या आंत सुमारें ३५ एकर जमीन आहे. ती पुरी होईपर्यंत बांधणारांस अडविण्यास भिंतच नव्हती, हें लक्षांत घ्यावें. चार्ल्सटाउनचा तुरुंग १८०५ सालचा. तेथील कोठडींत नळ नव्हता, शौचास बादली असे. नॉरफोकचे पहिले अधीक्षक हॉवर्ड गिल ह्यांनीं मात्र तुरुंग लहानशा गांवासारखा असावा असें योजिलें. राहण्यास घरें बांधविलीं. पहारेकरी निराळे ठेविले आणि कैद्यांची विचारपूस करणारे अधिकारी निराळे. कैद्यांनीं निवडलेले पंच अधिकाऱ्यांसह बसून कारभाराचा विचार करीत. पुढें गिल ह्यांच्यावर ढिलाईचा आरोप येऊन १९३४ सालीं त्यांस काढून टाकण्यांत आलें. आरोप करणारे सगळेच दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें घर फोडलें गेलें त्यास कैद्याच्या सुखसोयी कशा रुचाव्या?

तो तुरुंग पुढेंही चालला, आणि मध्यम बंदोबस्ताचा, पुरुषांचा असा झाला. काम, शाळा, मोजणी, रात्रीं दहा वाजतां दिवे बंद, असा तेथील क्रम असे. चोरीबद्दल शिक्षा झालेला माल्कम लिटल नांवाचा तरुण १९४८ सालीं बहिणीच्या खटपटीनें तेथें आला. तेथें मोठें ग्रंथालय होतें. दिवे मालवल्यावर तो बाहेरच्या उजेडांत जमिनीवर बसून वाची. दर तासास पहारेकऱ्याचीं पावलें वाजत तेव्हां अंथरुणांत शिरून झोपेचें सोंग करी, आणि तीं दूर गेल्यावर पुन्हां उठे. हाच पुढें माल्कम एक्स म्हणून प्रसिद्ध झाला. त्या काळांत त्यानें धरिलेला पंथ आमचा नव्हे. तें लपवून ठेवणें बरें नव्हे.

आतां पहाऱ्यानें त्याच्याकडून काय करविलें? सोंग. नियम मोडून तो वाचीत बसला तें कोणाच्या धाकानें नव्हे. तथापि पुस्तकें तेथें होतीं. हा चोर तीं फाडील कीं काय हें पाहण्यासाठीं कोणी दोन वर्षें थांबलें नव्हतें. पहारा नकोच असें आम्ही म्हणत नाहीं. मोजणीवांचून तुरुंग चालत नाहीं. परंतु मोजणीनें मनुष्य पळाला नाहीं एवढेंच कळतें.

आमच्या गांवांतील "दोन वर्षें पाहूं" म्हणणाऱ्या बंधूंस आम्ही एवढेंच विचारतों कीं, तीं दोन वर्षें त्या मनुष्यानें कोणाच्या शेतांत राबून पोट भरावें?