विनामूल्य सेवेला हिशेब असावा काय?

धर्मादाय संस्थेच्या सभेत कोणी हिशेब विचारला, की एक उत्तर ठरलेले असते. "अहो, आम्ही काय पगार घेतो? घरचे खाऊन हे काम करतो. वर तुम्ही जाब विचारता?" हे ऐकले की विचारणारा गप्प बसतो, आणि चारचौघांत त्यालाच अपराध्यासारखे होते. परंतु सज्जनहो, हे उत्तर धर्माला धरून आहे काय? जो वेतन घेत नाही, तो उत्तर देण्याच्या कर्तव्यातूनही सुटतो काय? एका विशिष्ट प्रकारच्या संस्थेत हा प्रश्न फार तीव्र होतो. तिच्याच अनुरोधाने येथे त्याचा विचार करू.

ही संस्था म्हणजे घरातल्या आजाऱ्याची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या माणसाला आधार देणारी संस्था. आजाऱ्यासाठी दवाखाने आहेत. पण त्याच्या उशाशी बसणाऱ्याचे काय? पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या मंडळांत आजाऱ्याला 'शुभार्थी' व त्याची सेवा करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द नवा, पण सोज्ज्वळ आहे. आपणही तोच वापरू.

खेड तालुक्यातले निघोजे गाव घ्या. इंद्रायणीकाठचे हे शेतकऱ्यांचे गाव आता चाकणच्या कारखानदारीत सामावले आहे. मोटारींचे मोठमोठे कारखाने शिवारात उभे आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, परप्रांतातून आलेली माणसे खोल्या भाड्याने घेऊन राहतात आणि पाळ्यांमध्ये काम करतात. अशा एका खोलीत म्हातारीला अर्धांगवायू झाला, तर मुलगा रात्रपाळीला आणि सून तिच्या उशाशी. जाऊबाई नाही, नणंद नाही, शेजार नवा. दोन तास कोणी बसायला आले, तर ती सून बाजारहाट करील, नाहीतर नुसती पाठ टेकील. अशांसाठी उद्या गावात संस्था निघाली, तर तिला पैसाही मिळू शकेल. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. पैसा येईल, मंडळ नेमले जाईल, आणि मग आपला प्रश्न दारात येऊन उभा राहील.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. विश्वस्त म्हणतो, "माझी सेवा हे दान आहे, आणि दात्याला कोणी जाब विचारीत नाही." दिसायला हा युक्तिवाद बळकट आहे. पण ज्या सुनेसाठी संस्था काढली तिच्याकडे पाहा. पगार तर तिलाही नाही. तरी म्हातारीला औषध द्यायचे राहिले, तर "मी फुकट करते, मला विचारू नका," असे ती म्हणते काय? रात्री तीनदा हाक आली तर तीनदा उठते. तिचा हिशेब रोजचा आणि रोखीचा. तिच्या नावाने जमलेल्या पैशावर जे मंडळ बसले आहे, त्याने तिच्यापेक्षा कमी उत्तरदायी असावे, हे कोणत्या न्यायात बसते?

विश्वस्ताच्या म्हणण्यात घोटाळा कोठे आहे तेही पाहू. त्याने दिलेला वेळ हे दान खरे. पण त्याच्या हाती असलेला पैसा त्याचा नव्हे. स्वतःचे देणे निराळे आणि दुसऱ्याचे राखणे निराळे. तुकोबारायांची कथा आपण सर्व जाणतो. कर्जखते इंद्रायणीत बुडविण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी वाटणी केली; निम्मी खते धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली, असे परंपरा सांगते. या कथेतले वैराग्य आपण सांगतो. तिच्यातला व्यवहार मात्र सांगायचा राहून जातो. एवढा विरक्त पुरुष, पण भावाच्या वाट्याबद्दल उदार झाला नाही, कारण ते औदार्य त्याचे नव्हतेच. हा विवेक त्याच नदीकाठच्या गावाला परका वाटू नये.

आपली भाषाही हेच सांगते. न्यास म्हणजे खाली ठेवलेली वस्तू, ठेव. भासाच्या 'स्वप्नवासवदत्त' नाटकात यौगंधरायण वेष पालटून वासवदत्तेला पद्मावतीपाशी ठेव म्हणून सोपवितो. तेव्हा राजकन्येचा कंचुकी कचरतो. बाकीचे देणे सोपे, ठेव राखणे अवघड, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. आणि 'विश्वस्त' या शब्दात 'श्वस्' धातू आहे, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्या भरवशावर दुसऱ्याने निर्धास्त श्वास घ्यावा तो विश्वस्त. त्या सुनेला दोन तास मोकळा श्वास मिळतो की नाही, ही त्याची कसोटी.

कायदाही पगारी आणि बिनपगारी असा भेद करीत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० सालचा. त्याप्रमाणे संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात व्हावी लागते; विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत कळवावे लागते; जमाखर्च तपासून घ्यावा लागतो; स्थावर मिळकत विकायची तर आयुक्तांची आधी मंजुरी लागते. "मी मानसेवी आहे" म्हटल्याने यांतले काहीही सुटत नाही.

येथे दुसरी शंका निघते. "आपण सारी माळकरी माणसे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे काय?" नव्हे. उलट प्रामाणिक माणसाला हिशेबासारखे संरक्षण नाही. सप्ताहाची वर्गणी कोणी किती दिली आणि काल्याच्या महाप्रसादाला किती लागले, हे गावासमोर वाचून दाखविणारी कमिटी पुढच्या वर्षी ताठ मानेने वर्गणीला जाते. जेथे वाचले जात नाही तेथे चोरी नसली तरी कुजबुज होते, आणि कुजबुजीने चांगले कार्यकर्ते घरी बसतात. म्हणून धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि ते दोघे एकाच घरचे नसावेत. सभेत जे ठरले तेच प्रोसिडिंगमध्ये लिहावे. सभा न भरविताच प्रोसिडिंग घरोघर फिरवून सह्या घेण्याची जी रीत पुष्कळ ठिकाणी आहे, तिला साधेपणा म्हणत नाहीत. ते लेखी असत्य होय. पाच जणांच्या सह्या खोट्या विधानाखाली पडतात आणि पाचही जण कपाळी बुक्का लावून हिंडतात!

आता मंडळात बसावे कोणी? पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे उदाहरण बोलके आहे. १९९७ साली ती स्थापणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. म्हणजे संस्थापक स्वतःच शुभंकर. ज्याने रात्री जागून काढल्या, त्याला संस्थेने काय करावे हे कोणी शिकवावे लागत नाही. २०१७ साली ते निवर्तले. संस्थेचे काम पुढे चालू राहिले. संस्थापकामागे काम चालावे, यासाठीच मंडळ असते.

मात्र पुढे चालणे म्हणजे वंशपरंपरा नव्हे. पंढरपूर मंदिरांचा अधिनियम १९७३ साली झाला, आणि बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्काचा दावा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये कायमचा निकालात काढला. जेथे देवाच्या दारी पिढीजात हक्क टिकला नाही, तेथे गावच्या संस्थेचे अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे का जावे? मुदत ठरवावी, आणि मुदत संपली की उठावे.

शुभंकराला मंडळात घ्यावे म्हटले, तर कोणी म्हणेल, "ज्याला मदत घ्यायची त्यालाच वाटायला कसे बसवावे?" शंका रास्त आहे. उत्तर असे की, त्याच्या घरचा विषय निघाला म्हणजे त्याने बाहेर जावे, आणि तो बाहेर गेल्याचे लिहून ठेवावे. एवढ्यासाठी त्याला कायमचे बाहेर ठेवणे म्हणजे भाकरी करपेल म्हणून चूलच न पेटविणे.

खरी अडचण निराळी आहे. शुभंकराला सभेला येताच येत नाही. आजाऱ्यापाशी बसणार कोण? येथे पुंडलिकाचे स्मरण करावे. मायबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला वीट दिली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. सेवा टाकून दर्शनाला ये, असे म्हणाला नाही. मग आपल्या अध्यक्षांना थोडे थांबायला काय हरकत आहे? सभेची वेळ त्या सुनेला विचारून ठरवावी, तेवढा वेळ आजाऱ्यापाशी बसायला संस्थेने माणूस पाठवावा, आणि ते न जमेल तर सभाच तिच्या दारी न्यावी. नाहीतर तिचे नाव यादीत राहील आणि खुर्ची रिकामी.

तक्रार कशी ऐकावी, हे तर वारीने आपल्याला शिकविलेच आहे. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र वाजवीत राहते. तिला कोणी हाकलीत नाही. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, आणि मग आरती होते. तो एक टाळ वाजत राहिला म्हणून सोहळ्याचा अपमान झाला, असे आजवर कोणी म्हटले नाही.

तेव्हा सिद्धान्त असा: वेतन न घेणे हे विश्वस्ताचे भूषण आहे, त्याची ढाल करू नये. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या कमिटीवर असाल. पुढच्या सभेत कोणी हिशेब विचारण्याआधी तुम्हीच वही उघडून पुढे ठेवा, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला विचारा, "तुमचे काही म्हणणे आहे काय?" त्याचा टाळ वाजू द्या. आरती थोडी उशिरा झाली तरी चालेल.