पावती कशासाठी फाडायची?

कारखान्यात युनियन असते, दर तीन-चार वर्षांनी करार होतो, आणि करार झाला की पगार सगळ्यांचाच वाढतो. वर्गणी भरणाऱ्याचा वाढतो, तसा न भरणाऱ्याचाही. मग नुकताच कायम झालेला एखादा तरुण कामगार सरळ विचारतो, "वाढ मलाही मिळणारच आहे, तर मी पावती कशाला फाडू?" चाकण असो, वाळूज असो की अंबड, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. जुनी मंडळी त्याला फुकट्या म्हणून गप्प बसवतात. ते मला पटत नाही. प्रश्न खरा आहे, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याचे उत्तर शोधताना जेवढे सोसले तेवढे देशात फार थोड्यांनी सोसले असेल. माझ्या मते त्या तरुणाने सभासद व्हावे. पण त्यासाठी सहसा जे कारण त्याला सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते.

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण सभासदत्व नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून तयार झालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजारांची सभा भरली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांनी उभ्या केलेल्या संस्थेला मात्र सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियमही नव्हते. कामगारांचा विश्वास असलेला एक माणूस त्यांच्या वतीने बोलत होता आणि कामगार सही करून, सभेला येऊन त्याला बळ देत होते. रविवार मिळाला तो मुंबईतल्या साऱ्या गिरणी कामगारांना. सभेला कोण आले आणि कोण नाही, हे कुणी तपासले नाही.

लोखंडे १८९७ साली गेले आणि संस्था त्यांच्याबरोबर विरली. वतीने बोलणारा माणूस गेला की मागे काही उरत नाही, ही उणीव तेव्हा दिसली. पण यादी करून, वर्गणी घेऊन संघटना उभारायची तर कायद्याचा आधार नव्हता. मद्रासला १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन स्थापन केली, आणि पुढे बकिंगहॅम अँड कर्नाटक मिल्सच्या मालकांनी त्यांना कोर्टात खेचले आणि कोर्टाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र येऊन काम थांबवायला सांगणे हा नेत्याचा वैयक्तिक अपराध ठरू शकत होता. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. युनियनला नोंदणी, नियमावली, हिशेब आणि सभासदांची यादी आली. कामगाराच्या हातातल्या पावतीला कायद्याचा आधार आला तो त्यानंतर.

त्या पावतीला अर्थ दिला १९२८ च्या सार्वत्रिक संपाने. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. याआधी गिरणीत कामगाराचा वाली म्हणजे जॉबर. तोच कामाला लावणार, तोच बदलीवर ठेवणार आणि त्यासाठी तोच दस्तुरी घेणार. संपाच्या काळात उभ्या राहिलेल्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक कमिट्या केल्या. खात्यातलाच माणूस कमिटीवर बसू लागला आणि जॉबरकडे जाणारी गाऱ्हाणी तिथे जाऊ लागली. वर्षअखेरीस युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या पुढे गेले. मला हा आकडा कुठल्याही भाषणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या प्रत्येकाने जॉबरला दिसेल अशा रीतीने पावती घेतली होती, आणि सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर खिशातले पैसे काढून घेतली होती.

याच संपात एक गोष्ट घडली, ती युनियनच्या इतिहासात बहुतेकदा चार ओळींत उरकली जाते. मला तिथे थांबावेसे वाटते. साचाखात्यात, म्हणजे मागावर, पगार बरा होता. तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा सुताचा शेंडा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात येऊ द्यायचे नाही, हा सवर्ण कामगारांचाच दंडक होता. मालकाने कुठे तसा नियम लिहिलेला नव्हता. अस्पृश्य कामगार मुख्यतः कमी पगाराच्या रिंगखात्यात राहिला. संपाच्या मागण्या तयार झाल्या तेव्हा डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला की साचाखाते सर्वांना खुले करा, ही मागणीही घाला, नाहीतर आमच्या लोकांनी या संपात का राहावे? नेत्यांनी ती घातली, पण मनापासून नव्हे.

ज्या युनियनमध्ये आपल्याला दुय्यम मानतात तिच्यात जावे का, हा प्रश्न आंबेडकरांनी विचारला तसा त्या काळात फार थोड्यांनी विचारला. १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध, ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने एका दिवसाच्या संपात उतरले. ज्यांच्यावर सडकून टीका केली त्यांच्याच शेजारी, आपला पक्ष आणि आपली मागणी न सोडता, ते उभे राहिले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती असताना १९४३ मध्ये मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक त्यांनी आणले. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती अमलात कधीच आली नाही.

मुंबई प्रांताने मात्र मान्यतेची वाट वेगळ्या पद्धतीने काढली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका धंद्यासाठी एकच 'प्रातिनिधिक युनियन' मानली. मालकाशी बोलणार ती, करार करणार ती, आणि करार लागू होणार सगळ्यांना. मुंबईच्या कापड गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. हेतू वाईट नव्हता. पाच युनियन पाच मागण्या घेऊन आल्या तर मालकाचे फावते, हे खरेच आहे. पण यात एक गोष्ट सुटली. प्रातिनिधिक ठरायला पुढे पंचवीस टक्के सभासद पुरेसे होते. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांच्या मनात काय आहे, हे मतपेटीतून विचारण्याची सोयच त्या कायद्यात नव्हती. युनियन कामगाराकडे न जाताही त्याची प्रतिनिधी राहू शकत होती.

त्याचा शेवट गिरणगावाने पाहिला. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला, कामगार डॉ. दत्ता सामंत या युनियन नेत्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच त्यांची मोठी मागणी होती की आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्हाला ठरवू द्या. सरकार आणि मालक कायद्यावर बोट ठेवून म्हणत राहिले की बोलणी होतील ती मान्यताप्राप्त संघाशीच. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. सामंतांच्या डावपेचांवर टीका करता येईल, आणि ती केली पाहिजे. गिरण्यांना आलेली उतरती कळा त्याआधीची होती, हेही खरे. पण अडीच लाख माणसे ज्या संघाला आपला मानत नाहीत तोच त्यांचा एकमेव प्रतिनिधी, ही अवस्था कुठल्याही डावपेचापेक्षा गंभीर होती.

म्हणूनच सभासदत्वाची सक्ती मला नको आहे. ब्रिटनमध्ये युनियनचे सभासदत्व नसेल तर नोकरीच नाही, असे करार बराच काळ चालले. १९८१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटिश रेल्वेतून त्यापायी काढलेल्या तिघांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे गजेंद्रगडकर यांच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात अशी सक्ती व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही, असे म्हटले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तर दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत. युनियनमध्ये गेलास तर काढून टाकीन, असे मालकाने धमकावणे ही अनुचित प्रथा आहे, आणि ये नाहीतर बघ, असे युनियनने धमकावणे हीसुद्धा. मला हे रास्त वाटते. सक्ती आली की नेत्याला खात्यात फिरायची गरज उरत नाही. वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते तिथेही हा धोका असतोच. प्रतिनिधी पावतीपुस्तक घेऊन महिन्याला खात्यात आला, तर त्याला चार प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात.

सक्ती नको म्हटल्यावर त्या तरुणाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये त्याला शास्त्रीय रूप दिले. जो लाभ सर्वांनाच मिळणार आहे त्यासाठी शहाणा माणूस स्वतःचा पैसा घालणार नाही, आणि सगळेच असे शहाणे निघाले तर लाभच उरणार नाही. यावर युनियनचे नेहमीचे उत्तर असते, "फळ खायचे तर पाणी घाला." नैतिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण त्यात युनियन म्हणजे पगारवाढीचे दुकान आणि वर्गणी म्हणजे त्याचे बिल, एवढेच गृहीत धरलेले असते. लोखंड्यांपासून सामंतांपर्यंतचा इतिहास काही वेगळेच सांगतो. कामगार पुन्हापुन्हा भांडला तो आपल्या वतीने कोण आणि काय बोलतो, यासाठी.

करार हाती घेऊन पाहा. पगारवाढीचा तक्ता एका पानावर असतो. बाकीच्या पानांवर तासाला किती नग काढायचे, एका माणसाने किती मशिनी सांभाळायच्या, पाळ्या कशा बदलायच्या, एका खात्यातून दुसऱ्यात केव्हा पाठवायचे, हे असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ठरवले की समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सर्व कामगारांना बांधील, अगदी नंतर नोकरीला लागणाऱ्यांनाही. महाराष्ट्रात तर मान्यताप्राप्त युनियनने थेट केलेला करारही सगळ्यांना बांधील ठरला. म्हणजे सभासद नसलेल्याला नुसती वाढ मिळत नाही, वाढलेले नगही त्याच्याच वाट्याला येतात. फरक एवढाच की मागणीपत्र ठरताना तो सभेत नव्हता.

याचा फटका नेमका तरुणांनाच बसतो. जुन्यांना पूर्ण वाढ आणि यापुढे लागणाऱ्यांना वेगळी, खालची श्रेणी, असे करार झालेले आहेत. त्यांवर सह्या करणारे सगळेच लबाड नव्हते. समोर बसलेल्या सभासदांच्या पोटाची त्यांना काळजी होती आणि खालच्या श्रेणीत जाणारे सभेत कुणी नव्हते. आज त्याहून मोठी रांग कंत्राटी कामगारांची आहे. त्याच लाइनवर, त्याच मशिनीवर तो उभा असतो आणि अनेक युनियनच्या पावतीपुस्तकात त्याच्यासाठी पावतीच नसते. १९२८ मध्ये साचाखात्याच्या दारात जो प्रश्न अडला होता तोच हा, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मालकाइतकीच आपल्या युनियनची आहे. हे जो आत जाऊन ठणकावून सांगेल असा सभासद आज हवा आहे.

नेता विकला गेलाय, पैशाचा हिशेब लागत नाही, सगळे राजकारण आहे, हे आक्षेप मी ऐकतो आणि त्यातले काही खरेही असतात. पण बाहेर राहून त्यातला एकही सुटत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असतील तिथे, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तीच एकमेव वाटाघाटी करणारी युनियन ठरते. प्रत्येक नावाला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे, आणि बाहेर राहिलेले नाव बोलणी कुणी करायची या निर्णयातूनच गळते.

तेव्हा पुढच्या पगाराला प्रतिनिधी आला की त्याला मागच्या वर्षाचा हिशेब आणि सर्वसाधारण सभेची तारीख विचारा, कंत्राटी कामगारांना सभासद कधी करणार तेही विचारा, आणि पावती फाडा. १९२६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमाने युनियनच्या हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क दिला, तो पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना.