धड्यातली रिकामी जागा

आठवीच्या आसपास आपली मुलं दोन अशा गोष्टी शिकतात, ज्या त्यांना डोळ्यांनी कधी दिसणार नाहीत. विज्ञानाच्या तासाला शरीरातल्या इंद्रिय संस्था आणि भूगोलाच्या तासाला पृथ्वीचं अंतरंग, त्यावर सरकणारे भूपट्ट. एका पुस्तकात छातीच्या आतलं, दुसऱ्यात पायाखालचं. शिकवण्याची रीत मात्र एकच. फळ्यावर आकृती, आकृतीला बाण, बाणांना नावं, आणि परीक्षेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’. हृदयाचे कप्पे चार, पृथ्वीचे थर तीन. मुलं आकृत्या मन लावून काढतात, काहींच्या तर फारच सुंदर असतात. पण हे सगळं कुणाला, कशावरून कळलं, हा प्रश्न दोन्ही तासांना वर्गात येतच नाही. माझ्या मते दोन्ही धड्यांचा जीव त्या प्रश्नातच आहे.

विल्यम हार्वे हा लंडनचा वैद्य. रक्ताभिसरणावरचं त्याचं पुस्तक 1628 साली निघालं. त्याआधी सुमारे चौदाशे वर्षं युरोपात प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याचं मत चालत होतं: खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांतून ते अवयवांकडे जातं आणि तिथेच जिरून संपतं. हे मत वेडगळ नव्हतं. पोटाच्या शेजारी यकृत आहे, ते रक्ताने भरलेलं आहे, जेवलं की अंगात ताकद येते. डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी या मताशी जुळत होत्या.

हार्वेने हिशेब मांडला, आणि तो आठवीच्या मुलाला सहज जमण्यासारखा आहे. आजचे आकडे घेऊ. प्रौढ माणसाच्या हृदयातून एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला 70 ठोके धरले तर जवळजवळ 5 लिटर झालं. अंगात एकूण रक्तच मुळी 5 लिटरच्या आसपास असतं. अर्ध्या तासात दीडशे लिटर. आता गॅलेनचं खरं मानायचं, तर अर्ध्या तासात दीडशे लिटर रक्त नव्याने तयार झालं आणि तेवढंच जिरलं. तेवढं अन्न कोण खातं? हार्वेने एका ठोक्यामागचं रक्त मुद्दाम फार कमी धरलं होतं, म्हणजे कुणी आकडा फुगवल्याचा आरोप करू नये. तरीही उत्तर अशक्यच येत होतं. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असलं पाहिजे.

दुसरा पुरावा तर मुलांच्या स्वतःच्या हातावर आहे. कोपराच्या वर रुमाल बांधायचा, घट्ट पण कळ लागणार नाही इतपत, आणि मिनिटभरासाठीच. हाताच्या आतल्या बाजूच्या शिरा वर येतात. नीट पाहिलं तर मधेमधे बारीक गाठीसारखे फुगवटे दिसतात. त्या झडपा. मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने, पुढची गाठ ओलांडेपर्यंत, रक्त निपटत न्यायचं. वरचं बोट काढलं तरी दोहोंमधली शीर रिकामीच राहते, वरचं रक्त गाठीपाशी अडतं. खालचं बोट उचललं की ती क्षणात भरते. रक्त शिरेतून एकाच दिशेला, हृदयाकडे जातं, हे मुलांनी आता पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःच्या कातडीखाली पाहिलेलं आहे. हार्वेच्या पुस्तकात याच प्रयोगाची चित्रं आहेत. साहित्य काय, तर एक रुमाल.

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. हार्वेचा पुरावा पुरा नव्हता. रक्त धमन्यांतून बाहेर जातं आणि शिरांतून परत येतं, हे त्याने दाखवलं. पण धमनीच्या टोकाकडून शिरेच्या टोकाकडे ते जातं कुठून? तो रस्ता त्याला दिसला नाही, कारण नुसत्या डोळ्यांना तो दिसूच शकत नाही. रस्ता असणारच, एवढं म्हणून तो थांबला. 1657 साली तो वारला. चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीतल्या मार्चेल्लो मालपीगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्याला केशवाहिन्या दिसल्या.

आपल्या पुस्तकातल्या आकृतीत केशवाहिन्या आधीपासून काढलेल्या असतात, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळ्या. लाल-निळ्या रंगांमुळे अनेक मुलं शिरांतलं रक्त खरोखरच निळं असतं असं समजून चालतात. ते गडद लाल असतं. पण रंगांपेक्षा मोठं नुकसान हे आहे, की तेहेतीस वर्षं उघडी असलेली जागा मुलाच्या हाती पडते ती आधीच भरलेली. तिथे काही रिकामं होतं, आणि ते रिकामं असतानाही एक माणूस बरोबर होता, हे त्याला कधी कळतच नाही.

भूपट्टांच्या धड्याची घडण नेमकी अशीच आहे.

नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत आणि चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात एका नामशेष झालेल्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. ग्लॉसोप्टेरिस हे त्या झाडाचं नाव. हेच पान आफ्रिकेत सापडतं, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड सापडले. अन्नावाचून पाय ओढत चालतानाही त्यांनी ते टाकले नव्हते, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. वऱ्हाडापलीकडच्या कोळशाला आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाला जोडणारं ते पान होतं. विदर्भातल्या शाळेत हा धडा शिकवताना सुरुवात इथूनच का होत नाही, हे मला कळत नाही.

त्याच 1912 सालच्या जानेवारीत जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर या हवामानशास्त्रज्ञाने खंड सरकतात ही कल्पना मांडली. किनाऱ्यांचे आकार, दोन्हीकडचे खडक, जीवाश्म, जुन्या हिमनद्यांच्या खुणा, असा पुरावा त्याने गोळा केला. पण खंड सरकवणारी शक्ती कोणती? पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे ते सरकत असावेत, असं त्याने सुचवलं. हॅरल्ड जेफ्रीजसारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी गणित करून दाखवलं, की या शक्ती त्या कामाला कितीतरी पटींनी अपुऱ्या आहेत. त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. वेगेनरचं उत्तर चुकलेलं होतं, आणि तरीही त्याचा मुख्य मुद्दा बरोबर होता. समुद्रतळ चिरत खंड पुढे जातात हे त्याचं चित्रही पुढे टिकलं नाही. समुद्रतळ हाच सरकणाऱ्या भूपट्टाचा भाग असतो. 1930 साली, पन्नाशी गाठताच, ग्रीनलंडच्या बर्फावर त्याचा मृत्यू झाला. तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांच्या लेखी त्याची कल्पना निकालात निघालेली होती.

ती पुन्हा उभी राहिली समुद्राच्या तळातून. 1950च्या दशकात मारी थार्प न्यूयॉर्कमधल्या आपल्या टेबलाशी बसून जहाजांनी मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होती. त्या मोहिमांच्या जहाजांवर तेव्हा स्त्रियांना जाऊ देत नसत. समुद्राच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला एक लांबच लांब दरी दिसली, जणू तळ तिथे फाटत होता. तिचा सहकारी ब्रूस हीझेन याने ते आधी बायकी बोलणं म्हणून उडवून लावलं. मग हॉवर्ड फॉस्टर या सहकाऱ्याने त्याच प्रमाणात काढलेला भूकंपकेंद्रांचा नकाशा तिच्या नकाशावर ठेवून पाहिला गेला. भूकंपांचे ठिपके त्या दरीतून ओळीने जात होते. 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या भूभौतिकशास्त्रज्ञांनी समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून तळ पसरत असल्याचा अर्थ लावला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत भूपट्टांचा सिद्धान्त उभा राहिला.

आज भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर सरकतो, आपली नखं वाढतात जवळपास त्याच चालीने. हा आकडा मुलं पाठ करतात. पण वेगेनरच्या कल्पनेत एक मोठं भगदाड होतं, ते बुजायला पन्नासच्या आसपास वर्षं लागली, आणि त्याच्या विरोधकांचं गणितही खरं होतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या वयात हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. या वयात मुलं सगळ्यांवर शंका घेऊ लागतात. एक कच्चा दुवा दिसला की सगळंच खोटं म्हणायचं, किंवा मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून सगळंच खरं मानायचं, या दोन टोकांच्या मधे कसं उभं राहायचं, ते हार्वे आणि वेगेनर यांच्याकडून शिकता येतं. पुढे लसीबद्दल, हवामानाबद्दल, मोबाइलवर येणाऱ्या शंभर दाव्यांबद्दल त्यांना रोज हेच करायचं आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर एक रिकामी जागा अजून उघडीच आहे. भूकंप बहुतेक भूपट्टांच्या कडांवर होतात, असं धडा सांगतो. लातूर जिल्ह्यातल्या मुलाने लगेच विचारायला हवं: मग किल्लारी? तिथून हिमालयाची कड हजार किलोमीटरहून दूर. 30 सप्टेंबर 1993ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, तिथली जमीन हादरली, आणि दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरं झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. तोवर नकाशावर तो भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे 2002च्या नकाशात तो पट्टाच काढून टाकला गेला. हिमालयाकडच्या धडकेचा ताण भूपट्टाच्या पोटापर्यंत पोचतो आणि जुन्या कमजोर भेगांवर मोकळा होतो, एवढं सर्वसाधारण उत्तर आहे. तिथेच का आणि तेव्हाच का, याचं नेमकं उत्तर त्यात नाही. कोयनेचं आणखी वेगळं. धरणात पाणी साठू लागल्यावर तिथे धक्के वाढले, 11 डिसेंबर 1967च्या पहाटे मोठा भूकंप झाला, आणि लहान धक्के अजून बसतात. म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे आणि कोयना परिसरात खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडून तपास चालू आहे. पाटण-कराडच्या शाळांतल्या मुलांच्या हाकेच्या अंतरावर हे काम चाललंय. त्यांच्या धड्यात मात्र जपानचे आणि पॅसिफिकच्या कडेचे भूकंप ठळक अक्षरांत.

शिक्षकांपुढे मी हे मांडतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा. अडचण खरी आहे. पण हार्वेचा रुमाल आणि हिशेब एका तासात होतो, ग्लॉसोप्टेरिस आणि थार्पचा नकाशा दुसऱ्या तासात. धड्याखालची प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घेण्यात यापेक्षा जास्त तास जातात, आणि ते तास मोकळे करणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे.

खरी अडचण परीक्षेची आहे. ‘हार्वेला केशवाहिन्या दिसल्या नव्हत्या, तरीही रक्त फिरतं असं त्याने कशाच्या आधारे म्हटलं?’ हा प्रश्न पाच गुणांना विचारला, तर साठ मुलं साठ तऱ्हांनी उत्तर लिहितील. कुणी हिशेब मांडेल, कुणी झडपांची आकृती काढेल, एखादी म्हणेल की त्याने तेव्हा थोडं थांबायला हवं होतं, आणि तिची कारणं चांगली असली तर तिलाही पूर्ण गुण द्यावे लागतील. असे पेपर आदर्श उत्तराशी ताडून तपासता येत नाहीत, एकेक वाचावे लागतात. ज्या शिक्षकांना आपण निवडणुकीच्या, जनगणनेच्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला जुंपतो, त्यांना त्या साठ उत्तरांसाठी दोन मोकळ्या दुपारी द्याव्या लागतील.