सोडलेले गाव आणि सोडायला लावलेले गाव

गेल्या सत्तर वर्षांत भंडारा जिल्ह्याचे राज्य दोनदा बदलले. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत तो मध्य प्रदेशात होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक इथून लढले आणि हरले, तेव्हा कागदोपत्री ती मध्य प्रदेशातली लढत होती. मग द्विभाषिक मुंबई राज्य आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र आला, आणि १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचा मोठा मुलूख दुसऱ्या नावाखाली गेला. या उलथापालथीत वैनगंगेकाठचा माणूस कुणाला परका झाला नाही. जुनी खरेदीखते खोटी ठरली नाहीत. आमगावात १९७० साली जन्मलेल्याच्या दाखल्यावर भंडारा जिल्हा असतो, तो आज गोंदियात राहतो आणि त्यावरून त्याला कोणी तोतया म्हणत नाही. नाव, हद्द, राजधानी बदलूनही तो मुलूख तोच राहिला, आणि त्याच्याशी माणसांचे नातेही राहिले. मग याच जिल्ह्यातले मूल मोठेपणी म्हणाले, की मला मुलगा म्हणून वाढवले पण मी बाई आहे, किंवा मुलगी म्हणून वाढवले पण मी पुरुष आहे, तर तेवढ्याने त्याचे गावाशी असलेले नाते कसे तुटते? बदलूनही तोच राहण्याची जी मुभा आपण जिल्ह्याला दिली, ती माणसाला नाकारण्याचा आधार काय?

पारलिंगी माणसाला आपल्याच मुलखात परके वाटते, हे आपण फार सहज त्याच्या मनाचे दुखणे म्हणून बाजूला काढतो. समुपदेशन घ्यावे, शहरात जावे, आपल्यासारखी माणसे शोधावीत, असा सल्ला देतो. सल्ल्यात माया असेलही, पण त्यात एक गृहीत दडलेले असते: गाव जागच्या जागी बरोबर आहे, आणि जुळत नाही ते या माणसाचे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हे परकेपण म्हणजे एका करारभंगाची खूण आहे. जन्मलेल्या प्रत्येकाला आपला मानण्याचे गावाने न बोलता पत्करलेले असते, आणि ते मोडणारा पक्ष गाव आहे. संसदेलाही हे मान्य करावे लागले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१९ मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम १२ ने त्यांना आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क दिला, आणि कलम १८ ने त्यांना घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे. लैंगिक अत्याचारालाही त्याच कलमात तेवढीच शिक्षा ठेवली, हा या कायद्याचा मोठा अन्याय आहे. तरी गाव सोडायला लावणे म्हणजे कोणी तरी कोणावर केलेले कृत्य आहे, एवढे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

इथे धर्माचा प्रश्न उभा राहतो, कारण या मुलखाला घर सोडण्याचे मोठे कौतुक आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषतः नातलगांचा संबंध सोडायला सांगितले. त्यांच्या शिष्यांपैकी निळभट्ट भांडारेकर हे इथलेच मानले जातात. बौद्ध परंपरेतही घराबाहेर पडणे हेच प्रव्रज्येचे पहिले पाऊल. म्हणून कोणी असा युक्तिवाद करू शकेल, की घर सुटले तर बिघडले कुठे, मोक्षाची वाट तिथूनच जाते. हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो दुःखाला पुण्याचे कपडे घालतो. त्याग करायला वस्तू आधी आपली असावी लागते. ज्याच्या नावावर जमीन आहे तो ती दान करू शकतो. ज्याच्याकडून ती हिसकावली त्याला दाता म्हणणे ही त्याची थट्टा आहे. महानुभाव संन्यासी गावाकडे पाठ फिरवतो तेव्हा गाव त्याच्या पाया पडायला मागे येते. सतरा वर्षांच्या मुलाला साडी नेसल्याबद्दल मारून एसटीत बसवून दिले जाते तेव्हा मागे कोणी येत नाही. बाहेरून दोघांची पावले सारखीच दिसतात, पण पहिल्याने संबंध सोडला आणि दुसऱ्याचा संबंध तोडला गेला. ज्याला हाकलले, त्याच्याकडून त्यागाची संधीही काढून घेतली. शिवाय स्वदेशाचा संबंध सोडा म्हणणाऱ्या त्याच चक्रधरांनी महाराष्ट्रातच राहावे असेही सांगितले होते. आसक्ती सोडणे आणि भूमीला मुकणे या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत.

बौद्ध परंपरेतला पुरावा याहून नेमका आहे, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. म्हणजे तेव्हाही विनयाचे, भिक्खूंच्या आचाराचे, नियम पाळणारी माणसे या जिल्ह्यात वावरत होती. त्या विनयपिटकात एका भिक्खूची हकिकत आहे. त्याच्या ठिकाणी स्त्रीचे लक्षण प्रकट झाले. प्रश्न बुद्धांपुढे गेला. निर्णय असा झाला, की त्याचा उपाध्याय तोच राहील, उपसंपदा, म्हणजे संघदीक्षा, तीच राहील, संघात घालवलेली वर्षे तीच मोजली जातील, आणि त्याने भिक्खुणीसंघात जावे. भिक्खुणीला पुरुषाचे लक्षण आले तेव्हा हेच उलट दिशेने झाले. भिक्खूंच्या आणि भिक्खुणींच्या आपापल्या संघात ज्येष्ठता वर्षांवर ठरते. कोण कोणाला वंदन करील, कोण आधी बसेल, सगळे त्यावर अवलंबून. तिथे लिंग बदलले म्हणून वर्षे शून्यावर आणली गेली नाहीत. देह बदलला, राहण्याची जागा बदलली, पण जगलेले आयुष्य आणि गुरूशी असलेले नाते अखंड धरले गेले. संघाला जे जमले त्याच्या निम्मेही आपल्या शाळा-महाविद्यालयांना जमत नाही. जुन्या नावाची गुणपत्रिका आणि नव्या नावाचा माणूस एकच आहे हे पटवण्यात वर्षे जातात.

याच विनयात पुरुषत्वाच्या रूढ कल्पनेत न बसणाऱ्या, ‘पंडक’ म्हटलेल्या व्यक्तींना उपसंपदा नाकारली आहे, हे कोणी दाखवून देईल, आणि ते खरेच आहे. ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या नियमाचे कारणही ग्रंथातच दिले आहे: एका व्यक्तीच्या वर्तनावरून हत्ती-घोडे सांभाळणाऱ्यांनी साऱ्या संघाची नालस्ती सुरू केली, आणि मग बंदी आली. म्हणजे एक नियम माणूस तोच आहे या विचारातून आला आणि दुसरा, लोक काय म्हणतील या चिंतेतून. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. आज कोणता पुढे न्यायचा याची निवड आपल्याला करावी लागते, आणि ज्या धम्मात माणसाची योग्यता जन्माऐवजी कर्मावर ठरते, त्याने लोकापवादाचा नियम कवटाळून बसावे याला मला काही समर्थन दिसत नाही.

दुसरा आक्षेप अध्यात्मातला आहे. आत्म्याला लिंग नाही. मग स्त्री म्हणवून घेण्याचा किंवा पुरुष म्हणवून घेण्याचा आग्रह हा देहाचाच मोह नव्हे काय? प्रश्न विचारण्याजोगा आहे, फक्त तो सगळ्यांना विचारावा. लग्नाच्या मांडवात नवरदेवाला कोणी हे विचारत नाही. वंशाला दिवा हवा म्हणून नवस बोलणाऱ्या सासूलाही विचारत नाही. अख्खे गाव लिंगभेदावर शेती, स्वयंपाक, वारसा आणि अंत्यसंस्कार वाटून घेते, आणि अलिंग आत्म्याची आठवण त्याला नेमकी एकाच माणसापुढे होते. चक्रधरांनी स्त्रियांच्या जिवाला कमी लेखणाऱ्यांना फटकारले, ते या तत्त्वाचा खरा उपयोग दाखवण्यासाठी. जीव सारखा आहे असे म्हटल्यावर ज्याच्या हाती वेगळे वागवण्याची सत्ता आहे त्याचा हात आखडला पाहिजे. ज्याला वेगळे वागवले त्याचे तोंड बंद करायला ते तत्त्व वापरणे म्हणजे ते उलटे धरणे.

मग व्यवहारातला आक्षेप: भंडाऱ्यातून कोण जात नाही? लाखांदूर-साकोलीची मुले नागपूर-पुण्याला जातात, मजूर हंगामापुरते परमुलखात जातात. खरे आहे. पण आपलेपणाची कसोटी परतण्यावर लागते. रोवणीला मजूर परत येतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते तेव्हा लेकीबाळी, पाहुणेरावळे, नोकरीवाले सगळे येतात; ते वर्षभर नव्हते याचा कोणी जाब विचारत नाही. पारलिंगी मुलीला बहुधा एकाच अटीवर येता येते: केस कापून, शर्ट-पॅन्ट घालून, जुन्या नावाने हाक आली की ओ देऊन. म्हणजे आमंत्रण एका नसलेल्या माणसाला असते. आणि त्याच मंडईच्या रात्री दंडार या लोकनाट्यात बाईचे सोंग घेतलेल्या पुरुषाला पहाटेपर्यंत शिट्ट्या आणि बक्षिसे मिळतात. झाडीपट्टीची ही कला मोठी आहे, तिला दूषण देण्याचा हेतू नाही. उलट तिने सिद्ध केले आहे, की पुरुषदेहातले स्त्रीत्व पाहण्याची या गावांच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. आम्हाला हे नवीन आहे, झेपत नाही, ही सबब इथे चालणार नाही. रात्री मंचावर चालते आणि सकाळी अंगणात चालत नाही, एवढाच फरक उरतो, आणि तो सवयीचा नसून अधिकाराचा आहे: सोंग मागून घेतलेले असते, सत्य मान्य करावे लागते.

तृतीयपंथीयांचे घराणे असतेच की, गुरू असतो, चेले असतात, तेच त्यांचे घर, असेही म्हटले जाते. ते घर खरे आहे. ज्यांना रक्ताच्या माणसांनी टाकले त्यांनी आजारपणात आणि मरणात एकमेकांना धरून ठेवणारी व्यवस्था उभारली, ही थोर गोष्ट आहे. पण अनाथाश्रम चांगला चालतो म्हणून मूल टाकणाऱ्याचा दोष फिटत नाही. शिवाय मुलगी म्हणून वाढवलेल्या पारलिंगी पुरुषाला असे घराणेही नाही. त्याला गाव नाही आणि डेराही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. घरातल्या कर्त्याने प्रगणकाला जे सांगितले त्यावर ती नोंद झाली, म्हणून त्या आकड्याबाहेर कितीतरी जण आहेत असे मी धरून चालतो.

राहता राहिली गावाची रीत. गावाला आपल्या चालीरीती ठरवण्याचा हक्क आहे, बाहेरच्यांनी शिकवू नये, हे म्हणणे मला सर्वस्वी अमान्य नाही. पण गाव म्हणजे कोण? सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारायला लावला आणि गावाने त्यांना निवडून दिले. अडवले होते कार्यालयाने, मते दिली गावकऱ्यांनी. रीत ही गावातल्या मोजक्यांची भीती असते आणि ती गावाच्या नावावर खपवली जाते, असा संशय घ्यायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

अर्थात सगळ्यांना परत यायचे असेल असे नाही. ज्या ओसरीवर मार खाल्ला तिथे पुन्हा बसण्याची सक्ती कोणावर असू नये, आणि न येणाऱ्याला मातीशी बेइमान म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण न येणे हा त्याचा निर्णय ठरायला दार आधी उघडे लागते. म्हणून मागणे जिल्ह्यातल्या संस्थांकडे आहे. विहारांमध्ये वर्षावासात ग्रंथवाचन होते. यंदा त्यात विनयातली त्या भिक्खूची हकिकतही मोठ्याने वाचावी आणि वर्षे तीच मोजली गेली हे समजावून सांगावे. महानुभाव आश्रमांनी जिवाच्या समानतेवर बोलताना या माणसांचा उल्लेख नाव घेऊन करावा. ग्रामसभांनी कलम १८ वाचून दाखवावे. आणि ज्या घरातून असे मूल गेले आहे, त्या घराने रेशनकार्डावरचे त्याचे नाव कापू नये. ते सांगेल त्या नावाने दुरुस्त करून ठेवावे.