तालवाद्य आणि कातड्याचा प्रश्न

शिमग्यात रत्नागिरीच्या वाटांवर पालखीपुढे ढोल-ताशे घुमू लागले की आमचेही पाय नकळत ठेका धरतात. नमनातला मृदंगही आम्हांला परका नाही. आमच्या उपासनेत मात्र तालवाद्य उशिरा आले. १५०व्या स्तोत्रात डफ आहे, झांजा आहेत. तरीही १९०३ साली पोप दहावे पायस यांनी ढोल-झांजांना गोंगाटी ठरवून मंदिराबाहेर ठेवले. (पियानोही त्यांतून सुटला नाही!) १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकपरंपरेच्या संगीताला दार उघडले आणि पुढे तबला, ढोलकी वेदीजवळ पोहोचली.

वाद्य आत आले; पण ते घडविणाऱ्याचे काय? टी. एम. कृष्णा यांच्या २०२० सालच्या ‘सेबास्टियन अँड सन्स’ या ग्रंथाने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. कर्नाटक संगीतातील मृदंगमला गाय, म्हैस व शेळी यांचे कातडे लागते. ते पारखणारे, मढविणारे कारागीर प्रामुख्याने दलित ख्रिस्ती. तंजावरचे सेबास्टियन घराणे त्यांतलेच. ज्या कातड्यावर वादकाची बोटे भक्तिभावाने पडतात, त्याच कातड्याला स्पर्श केला म्हणून कारागीर हीन! नाद सोवळा आणि हात ओवळा, हा न्याय कोणता?

तमिळनाडूकडे बोट दाखवून आमची सुटका होत नाही. एका नाताळाआधी ढोलकीची पुडी फाटली. आम्ही ती मढवून आणली, पैशांसाठी घासाघीसही केली. मध्यरात्रीच्या मिस्साला ढोलकी सुरेख वाजली. मढविणाऱ्याचे नाव विचारायचे आम्हांला सुचले नव्हते.