हवा सोडलीस, भरणार कोण?

मान वर कर. मी काय विचारलं? राजमाचीहून उतरल्यावर जुन्या हायवेनं गेलास की एक्सप्रेसवेनं? गप्प बसलास, म्हणजे एक्सप्रेसवेनंच. चारही चाकांत जेमतेम अठरा पौंड हवा, आत पाच माणसं, त्यातली दोन शाळकरी पोरं, आणि तू शंभरच्या वेगानं पुण्याच्या वाटेला. वर तोंड करून मलाच विचारतोस, "पण सर, काही झालं का?"

काही झालं नाही, हा तुझा पुरावा? विहिरीच्या काठावर झोपलेला माणूस सकाळी जागा झाला, म्हणून काठ झोपायची जागा होत नाही.

मी तिथंच होतो. तुंगार्लीला टपरीवर चहा घेत होतो. तुझी जीप चिखलानं माखून खाली आली. टायर भाकरीसारखे पसरलेले. मला वाटलं, आता हा थांबेल आणि कॉम्प्रेसर काढेल. तू थांबलास. भजी सांगितलीस. गिऱ्हाइकांबरोबर बॉनेटवर हात टेकवून फोटो काढलास. ज्या टायरवर पाय ठेवून उभा होतास, त्याच्याकडे एकदाही बघितलं नाहीस. आणि आता म्हणतोस उशीर होत होता. एका चाकाला पाच-सात मिनिटं लागतात. चार चाकांना अर्धा तास. भज्यांना किती लागला? सांग ना!

तू अडाणी असतास तर मी एक शब्द बोललो नसतो. हवा का सोडायची, किती सोडायची, परत कधी भरायची, हे आयटीआयच्या वर्गात फळ्यापुढं उभा राहून तूच बाकीच्या पोरांना समजावून सांगायचास. म्हणून तर चिडलोय. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याचं काय करायचं?

चिखलात हवा कमी करणं चूक नाही. राजमाचीची वाट लोणावळ्यापासून पंधराएक किलोमीटर. पावसाळ्यात तिथं कडक टायर जागच्या जागी फिरतो आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतो. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जमीन धरतो, दगडावर आपटण्याऐवजी दगड पोटात घेतो. हलक्या जीपला अठरा-वीस पौंड ठीक. पंधराच्या खाली गेलास की वळणावर टायरची कड रिमवरून सुटायची भीती. आणि एवढ्या हवेवर गाडी हळू चालवायची, तीस-चाळीसच्या पुढं जायचंच नाही. हे सगळं तुला पाठ आहे. मग डांबर लागल्याबरोबर विसरतोस कसा?

तार तोडायची असली आणि पक्कड नसली तर काय करतोस? वाकवतोस, सरळ करतोस, पुन्हा वाकवतोस. वाकते तिथं ती गरम होते आणि तुटते. कमी हवेच्या टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला तशीच वाकते. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतं. कर हिशेब. वलवणहून तळेगावपर्यंत किती हजार वेळा वाकली असेल ती बगल? आतल्या आत रबर तापतं, दोरे सुटतात, आणि एका क्षणी टायर फुटतो. बाहेरून काही कळत नाही. तुलाही कळलं नसतं.

आणि हवा सोडलीस कशी? आगकाडीनं! पिनेवर काडी दाबायची, मनात शंभर मोजायचे, की झालं. चारही चाकांत आधी सारखी हवा होती का? मागं माणसं बसणार म्हणून मागची जास्त ठेवली होतीस ना? मग चारही चाकांना शंभरच आकडे कसे? "अंगठ्यानं दाबून अंदाज घेतो सर, इतक्या वर्षांची सवय आहे." कसली सवय? आत वीस पौंड आहेत की चौदा, हे अंगठ्याला कळत असतं, तर मीटर बनवणाऱ्यानं कशाला मेहनत घेतली असती? तू आयटीआयमधून बाहेर पडलास त्या दिवशी मी तुला पितळेचा मीटर दिला होता. कुठं आहे? "डिकीत असेल." असेल! वस्तू डिकीत आहे की नाही हे ज्याला माहीत नाही, तो लोकांना घेऊन घाटात जातो.

दुसरी गोष्ट. एप्रिलमध्ये मुंबईचा एक माणूस तुझ्याकडं आला होता. गाडी नुकतीच घाट चढून आली होती, टायर हात लावू नये इतके तापलेले. मीटरवर सदतीस दिसले. त्यानं घाबरून विचारलं आणि तू लगेच पाच पौंड सोडलेस. बत्तीसवर आणून ठेवलेस, वर वीस रुपये घेतलेस. अरे, तो सदतीसचा आकडा टायरचा नव्हता, तापाचा होता. सकाळी थंड टायरात बत्तीस भरले, तीस अंशांचा टायर धावून साठ अंशांवर गेला, की आकडा छत्तीस-सदतीसवर जाणारच. घाट चढल्याचाही त्यात एखादा पौंड असतो. लोणावळा समुद्रापासून सहाशे मीटरवर, बाहेरची हवाच विरळ. गाडी बनवणाऱ्यानं हे सगळं धरूनच दाराच्या खांबावर थंड टायरचा आकडा चिकटवलेला असतो. तू गरम टायर बत्तीसवर आणलास. रात्री तो माणूस खंडाळ्याला मुक्कामाला राहिला असेल. पहाटे वीस अंशांच्या गारव्यात त्याच चाकात सव्वीस-सत्तावीस उरले असतील. आणि तेवढ्यावर तो बायकामुलांना घेऊन घाट उतरला. गिऱ्हाईक घाबरलं तर त्याला सांगायचं, बसा, चहा घ्या, दोन-तीन तास टायर निवू द्या, मग बघू. पण ते सांगायला थांबावं लागतं, आणि त्याचे वीस रुपये मिळत नाहीत. हेच कारण ना? दुसरं असेल तर सांग.

पुण्याहून मुंबईला निघालेली आगगाडीसुद्धा घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबते. हजार-बाराशे माणसं खोळंबतात. ड्रायव्हर म्हणत नाही, कालच तपासलेत.

आता तुझ्या गॅरेजमधल्या पोराचं. परवा तो मोटारीच्या वॉलवर तोंड धरून पिन काढत होता. आत पूर्ण हवा! ती पिन शेवटच्या आट्यातून सुटली की छऱ्यासारखी उडते. डोळ्यात गेली तर? आधी पिन नुसती दाबून हवा उतरवायची, सुस्कारा थांबत आला की मग किल्ली लावायची, चेहरा बाजूला ठेवायचा. हे त्याला कुणी सांगायचं? तू आत मोबाईल बघत बसला होतास.

तू सहावीत होतास. कामशेतहून सायकल ढकलत माझ्या अंगणात आलास. श्रावणातला दिवस, गवत ओलं. मी पान्हा आणायला आत गेलो आणि तू वॉलचं नट एका दमात काढून टाकलंस. वॉल उडाला, तुझ्या भुवईला चाटून गेला. रक्त पुसायचं सोडून आपण दोघं गुडघ्यावर बसून गवतात तो शोधत होतो. सापडला तेव्हा त्याच्यावरची वालट्यूब फाटलेली. मग मी तुझा अंगठा धरून वॉलच्या टोकावर ठेवला होता. नट अर्धा आटा फिरव, थांब, आवाज ऐक. फुसफुस कमी झाली? आता आणखी अर्धा. तुझ्या त्या अंगठ्याखालून हवा गार लागत होती आणि तू हसत होतास. भुवईवरचा तो व्रण अजून आहे. रोज आरशात दिसत असेल. मग तुझ्या हाताखालच्या पोराच्या भुवईची काळजी तुला का वाटत नाही?

रविवारी पुण्याचे सायकलवाले येतात. त्यांच्या सायकलींचा वॉल बारीक असतो. टोकावरचं छोटं नट बोटांनी सैल करायचं, मग पिन हलकेच दाबायची. त्या पोरानं पक्कड लावली आणि पिन वाकवली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिल्या येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, आपल्या दारावरून ती माणसं गेलीत, आणि आपल्या गॅरेजात सायकलीची हवा सोडता येत नाही! पोराला दोष देऊ नकोस. तो तुझंच बघून शिकतो.

ट्रकच्या चाकांना मात्र त्याला हात लावू देऊ नकोस. हे मी विनवून सांगत नाही, बजावून सांगतोय. मी बावीस वर्षांचा होतो. जुन्या हायवेवरच्या एका दुकानात मागच्या जोडचाकांपैकी बाहेरचं काढत होते. तीन तुकड्यांची रिम, लॉक रिंगवाली. टायर बसलेला दिसला म्हणून समजले की हवा गेलीच आहे. पिन काढली नाही. पहार लावली आणि रिंग उडाली. छपराचा पत्रा फाडून बाहेर गेली. ज्याच्या हातात पहार होती त्याचा हात पुन्हा कोपरात सरळ झाला नाही. तेव्हापासून मी जोडचाकांचे नट सैल करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरांची पिन काढतो, वॉलमध्ये तार घालून बघतो की चिखलानं बुजला तर नाही, आणि रिंगसमोर कुणाला उभं राहू देत नाही. दरवेळी. घाई असली तरी. माझ्यासमोर मालक शिव्या देत असला तरी.

पण आज तुला बोलावलं ते यातल्या कशासाठीच नाही.

आषाढातल्या एका रविवारी तुझ्या गॅरेजच्या तोंडाशी कुणीतरी गाडी लावून भुशी डॅमवर भिजायला गेला. तुझा धंदा अडला. राग आला. येणारच. गावात प्रत्येक शनिवार-रविवारी हेच चालतं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला वाट मिळत नाही, हे मी दर आठवड्याला बघतो. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तू काय केलंस? त्याच्या मागच्या डाव्या चाकाची हवा सोडलीस. आणि परवा टपरीवर चारचौघांत टाळ्या देत सांगितलंस, "पूर्ण नाही सोडली, अर्धीच. अद्दल घडावी एवढीच."

अर्धीच? पूर्ण सोडली असतीस तर मी तुला नुसता मूर्ख म्हटलं असतं. बसलेलं चाक त्याला दिसलं असतं. तो तुला शिव्या देत स्टेपनी लावून गेला असता. अर्ध्या हवेचा ट्यूबलेस टायर उभ्या गाडीखाली धडधाकट दिसतो. ते तुला दिसतं, मला दिसतं, त्याला दिसत नाही. भिजलेला, दमलेला माणूस, अंधार पडत आलेला, धो धो पाऊस. तो बसला आणि घाटाकडे निघाला. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणार. रस्त्यावर पाणी साचलं असेल तिथं ते पसरलेलं चाक पाणी कापणार नाही, पाण्यावर तरंगणार. हे तुला माहीत नव्हतं? अख्ख्या मावळात हे तुझ्याइतकं चांगलं माहीत असलेली माणसं थोडी असतील. माहीत नसलेल्यानं केलं असतं तर ती खोडी होती. तू केलंस.

गाडीचा नंबर होता, पोलिसांना फोन करता आला असता. काचेला चिठ्ठी लावता आली असती. दोन तास धंदा बुडाला असता, बुडू द्यायचा होता. आधी मुद्दा काय तो समजून घे: ज्या हातानं लोक विश्वासानं हवा भरून घेतात, त्या हातानं तू ती चोरून सोडलीस. तो माणूस सुखरूप घरी पोचला का? तुला माहीत नाही. मलाही नाही. मी तीन दिवस पेपरात घाटाच्या बातम्या वाचतोय. तू वाचल्यास का?

रडू नकोस. रडून टायरात हवा जात नाही.

आज रात्री जीप सावलीत उभी कर, हलवू नकोस. डिकी रिकामी कर आणि तो पितळेचा मीटर शोध. उद्या सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, त्या पोराला शेजारी बसव. चार चाकं आणि स्टेपनी. दाराच्या खांबावरचा आकडा आधी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घे, मग मीटर त्याच्या हातात दे. पाचही आकडे कागदावर लिहा आणि सातच्या आत माझ्याकडं या, दोघंही. स्टेपनीचा आकडा मी पहिला बघणार आहे.