जिना कोणाचा?

आपल्या बेने इस्राएल घरांतील फरशी शुक्रवारी दुपारी पाहावी. शब्बाथचे दिवे लागण्यापूर्वी ती अशी लखलखीत असते की तिच्यात तोंड दिसावे. ओट्यावर डाग नाही, न्हाणीघरात शेवाळ नाही, गाद्यांना ऊन दाखवलेले. पण त्याच घराचे दार उघडून बाहेर पाऊल टाकावे तर जिन्यातला दिवा गेलेला, कठड्याचा एक गज निखळलेला, भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे सुटलेले, आणि खाली टपालपेट्यांच्या पायाशी जाहिरातींच्या कागदांचा ढीग. दिमोना, रमले, लोद, बेर शेवा, अश्दोद, येरुहाम, जेथे जेथे आपली माणसे जुन्या शिकुनांतून राहतात तेथे तेथे आम्ही हे पाहत आलो आहोत, आणि आमच्या मनात येणारा प्रश्न साधा आहे. हा जिना कोणाचा?

कायद्याने उत्तर दिलेले आहे. १९६९ च्या जमीन कायद्याप्रमाणे अशा इमारतीतील जिना, गच्ची, आवार ही सर्व घरमालकांची सामाईक मालमत्ता आणि तिच्या देखभालीचा खर्च सर्वांनी मिळून सोसायचा. त्यासाठी वर्गणी गोळा करणारी समिती असते. हिब्रूत तिला ‘वाद’ म्हणतात, आणि मराठी माणसाला त्या शब्दाचा अर्थ मुद्दाम शिकवावा लागत नाही! तिसऱ्या मजल्यावरची मंडळी म्हणतात, आम्ही दिव्याचे पैसे देऊ पण आवाराचे नाही. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही जिना चढतच नाही तर त्याचे पैसे का द्यावेत? त्यात काही घरे सरकारी गृहनिर्माण कंपन्यांची. राहणारा एक, मालक दुसरा. अशा रीतीने जी वस्तू सर्वांची ती कोणाचीच राहत नाही.

आपण स्पाँजा करतो तेव्हा काय होते ते पाहा. बादलीभर पाणी फरशीवर ओतायचे आणि मगावने लोटत लोटत दाराबाहेर काढायचे. घर स्वच्छ झाले, पाणी जिन्यात गेले. तलमुदात, बाबा कामा ह्या भागात, एका माणसाची गोष्ट आहे. तो आपल्या जमिनीतले दगड उचलून रस्त्यावर टाकीत होता. एका धार्मिक पुरुषाने त्याला हटकले की, जी जागा तुझी नाही तिच्यातले दगड तू तुझ्या जागेत का टाकतोस? त्याला हसू आले. पण पुढे त्याला ती जमीन विकावी लागली, आणि एके दिवशी त्याच रस्त्याने जाताना तो आपण टाकलेल्या दगडांनाच ठेचकाळला. तेव्हा त्याला ते बोलणे उमगले. जमीन आज आपली, उद्या दुसऱ्याची. रस्ता मात्र जन्मभर आपलाच होता.

ही गोष्ट आम्हांला पूर्वी केवळ बोधकथा वाटे. आता वाटत नाही. क्षेपणास्त्रांचा भोंगा वाजला की बेर शेवाच्या माणसाला आडोशाला जाण्यास एक मिनिट मिळते, अश्दोदच्या माणसाला पाऊण मिनिट. नव्या इमारतींत प्रत्येक घरात संरक्षित खोली असते. जुन्या शिकुनांत ती नाही. तेथे तळाशी सामाईक मिक्लात असतो, आणि तोही नसला तर इमारतीचा आतला जिना हाच आडोसा. सत्तरी ओलांडलेल्या बाईने गुडघे धरून एका मिनिटात कोठे जावे? ऑक्टोबर २०२३ नंतर आणि पुन्हा जून २०२५ मध्ये कित्येक इमारतींतील रहिवाशांनी मिक्लातचे दार उघडले तेव्हा आत मोडक्या सायकली, जुन्या गाद्या, कोणाचा तरी बंद पडलेला फ्रिज अशी अडगळ निघाली. आपणच आपल्या घरातून तेथे लोटलेली! त्या दिवसांत स्वयंसेवकांच्या टोळ्या गावोगाव मिक्लात झाडीत, रंगवीत, दिवे लावीत फिरल्या. फार चांगले काम झाले.

आणि येथेच खरा वादाचा मुद्दा सुरू होतो. आपल्या मोडक्या वस्तीत बाहेरची तरुण मंडळी कुंचले आणि बादल्या घेऊन येतात, तेव्हा ते योग्य होते का? २००७ पासून आपल्या देशात वसंत ऋतूत सत्कृत्यांचा एक दिवस पाळला जातो. त्या दिवशी कचेऱ्यांतील, शाळांतील, सैन्यातील लोक एकेका वस्तीत जाऊन भिंती रंगवतात, बागा साफ करतात, म्हाताऱ्यांची घरे नीट करतात. आपल्यातले काही वडीलधारे ह्यावर नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही नगरपालिकेला अर्नोना भरतो. जिने नाही तरी निदान रस्ते, दिवे, बागा नीट ठेवणे हे तिचे काम आहे. फुकट राबणारी मुले मिळाली की पगार घेणारा आळशी होतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. स्वयंसेवकांनी रंगवलेल्या भिंतीचे छायाचित्र काढून अधिकाऱ्याने आपल्या अहवालात चिकटवावे, हा प्रकार आम्हांलाही चीड आणतो. परंतु अंधाऱ्या जिन्यात पाय घसरून म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले तर नगरपालिकेशी चाललेला पत्रव्यवहार ते सांधीत नाही. खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध माणूस पुष्कळदा पूर्वीसारखे चालत घरी परत येत नाही, हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही विचारावे. अर्ज करायचा तो जरूर करावा, सह्या गोळा कराव्यात, कचेरीत खेटे घालावेत. पण दिवा आज लावावा.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक गंभीर वाटतो, आणि तो घेणाऱ्याच्या मनाचा आहे. बेने इस्राएल माणूस उपाशी राहील पण शेजाऱ्याला कळू देणार नाही. आपल्या घरात परका माणूस आला तर त्याला आधी चहा, मग काम विचारायचे. असे असता अनोळखी मुलांनी येऊन आपल्या भिंतीची ओल पाहावी, कपाट सरकवावे, नाक दाबावे, हे अंगावर काटा आणणारे वाटते. ह्या देशात आल्यावर आपल्या लोकांना तपासणीचा अनुभव पुरेसा आला आहे. आपण पुरते यहुदी आहोत की नाही ह्याची चौकशी झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये कनेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर करीपर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेमच्या रस्त्यावर ठाण मांडले. कोणी आपल्याला दुरुस्त करावयास आले की आपले कान टवकारतात ते उगाच नाही.

१९७७ साली पंतप्रधान मेनाखेम बेगिन ह्यांच्या सरकारने वस्त्यांच्या पुनर्वसनाची मोठी योजना जाहीर केली आणि १९७८ पासून तिचे काम सुरू झाले. परदेशांतील यहुदी समाजांनी एकेका वस्तीशी नाते जोडले आणि खर्चात वाटा उचलला. पन्नास-साठच्या दशकांत घाईघाईने बांधलेली, लहान खोल्यांची घरे वाढवली गेली, समाजमंदिरे आणि बालवाड्या उभ्या राहिल्या. तिचे सर्व काही यशस्वी झाले असे नाही. पण एक गोष्ट तिने मानली, आणि ती आम्हांला पैशापेक्षा मोठी वाटते. वस्तीचे काय करायचे हे ठरवणाऱ्या समितीत वस्तीतल्याच माणसांना जागा दिली.

ह्या योजनेला हिब्रूत ‘शिकुम’ म्हणतात. शिकुन म्हणजे वसाहत, शिकुम म्हणजे पुनर्वसन. एका अक्षराचा फरक. रुग्णालयातही हाच शब्द आहे. अर्धांगाचा झटका आलेला रोगी ज्या विभागात पुन्हा चालायला शिकतो तो विभाग शिकुमचा. आम्ही परिचारिका तेथे पहिला धडा शिकतो तो हात आवरण्याचा. रोग्याला सदऱ्याचे बटण लावायला दहा मिनिटे लागतात. आपण लावले तर दहा सेकंद. नातेवाईक शेजारी उभे राहून डोळे वटारतात की ही बाई किती निष्ठुर, मदत करीत नाही! पण रोज बटण आपणच लावले तर तो माणूस घरी जाऊन काय करील? उलट, ज्याला उभेच राहता येत नाही त्याला ‘स्वतः चाल’ म्हणून सोडून देणे हेही पाप. कोठे धरायचे आणि कोठे सोडायचे, ह्यातच त्या विभागाचे सारे कसब आहे. वस्तीला हेच लागू पडते असे आमचे मत आहे. रंबाम ह्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी आहे ती माणसाला कर्ज देऊन, भागीदार करून किंवा काम देऊन स्वतःच्या पायावर उभे करण्याची. तेव्हा ज्या आजोबांचे घर रंगवायचे त्यांना खुर्चीवर बसवून ठेवू नये. ते चाळीस वर्षे कारखान्यात फिटर होते. नळाचा वायसर कोणता बसेल हे त्या मुलांपेक्षा त्यांना अधिक कळते. त्यांना विचारावे. शिडी धरायला सांगावे. आणि त्यांच्या बायकोने आणलेला चहा, घाई असली तरी, बसून प्यावा.

काम काय करावे हेही घरातल्या माणसालाच विचारावे. बाहेरून येणाऱ्याला भिंतीवर फुले काढायची हौस असते. घरातल्या म्हातारीला पाहिजे असतो न्हाणीघरात धरायला एक दांडा, उंबरठ्याशी एक दिवा, आणि रात्री पाय अडकतो ती सतरंजी कोणी तरी गुंडाळून ठेवलेली. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग फासणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. महिन्याभरात बुरशी वर येते आणि दमेकऱ्याचा खोकला वाढतो. आधी पाणी कोठून येते ते शोधावे. पुष्कळदा ते गच्चीवरून येते, आणि गच्ची पुन्हा सामाईक!

बाहेरच्याने हात लावूच नये असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीला गाडगे महाराज सांगावे लागत नाहीत. १८७६ साली जन्मलेला आणि १९५६ साली निवर्तलेला हा पुरुष कोणत्याही गावात पाहुणा म्हणून शिरे, आणि हातातल्या खराट्याने आधी गावाची घाण काढू लागे, कीर्तन रात्री. त्याने कोणाला तुम्ही घाणेरडे आहात असे हिणवून बाजूला उभे केले नाही. तो झाडू लागला की गावकरीही झाडू लागत. त्याचा खराटा कोणाला अपमान वाटला नाही, ह्याचे कारण आम्हांला वाटते असे की तो स्वतः चिंध्या पांघरून आला होता आणि त्याला छायाचित्र नको होते.

एकदा झाडून भागत नाही, हे तर आता शास्त्रज्ञही सांगतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ५४१ ओसाड जागांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही जागांवर कचरा काढून गवत पेरले, थोडी झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले आणि पुढे नियमित निगा राखली. काहींवर नुसता कचरा उचलला. काही तशाच ठेवल्या. पहिल्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांत उदास वाटते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच घटले. जेथे नुसता कचरा उचलला तेथे माणसांच्या मनाला म्हणावा तसा फरक पडला नाही. परिचारिकेला ह्यात नवल वाटणार नाही. पण आकडे असले की समितीच्या बैठकीत बोलायला बरे पडते.

त्या कुंपणाची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. ते बुटके होते आणि त्यात ये-जा करायला वाट ठेवली होती. आपल्या एलियाहू हानाबींची गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच, तरी सांगतो. बाबा बात्रा ह्या भागात एक भक्त आहे, ज्याच्याशी एलियाहू येऊन बोलत असत. त्याने आपल्या आवाराला देवडी बांधली, आणि त्यानंतर एलियाहू येईनासे झाले. टीकाकार कारण देतात की देवडीमुळे गरिबाची हाक आत ऐकू येईना. आणि हे विसरू नये की त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की आवारातील रहिवाशांनी देवडी बांधण्यास एकमेकांना भाग पाडावे! शास्त्रालाही हा पेच सुटला आहे असे वाटत नाही. जे लोक मालिद्याच्या ताटापाशी एलियाहूंचे नाव घेतात त्यांनी ह्याचा विचार करावा. इमारत सुधारली की दाराला कुलूप येते, आकड्यांची पेटी येते, आवाराला लोखंडी फाटक येते. वस्ती सुधारली की भाडे वाढते. जुनी इमारत पाडून तिच्या जागी मनोरा उभा करण्याच्या योजना आता जागोजाग आहेत. मालकाला नवे घर मिळते, पण भाडेकरूला दुसरी वस्ती शोधावी लागते, आणि ज्याला घर मिळते त्या म्हाताऱ्यालाही मनोऱ्याची महिन्याची वर्गणी झेपत नाही. तेव्हा वस्ती कोणासाठी सुधारायची हा प्रश्न रंगाचा डबा उघडण्यापूर्वी विचारलेला बरा. आमच्या मते जो भाडेकरू तेथे वीस वर्षे जिना झाडीत आला त्याचा त्या जिन्यावर हक्क आहे, दस्तऐवजात त्याचे नाव असो वा नसो. वकील मंडळींना हे पटणार नाही.

पेसाख जवळ येतो आहे. हामेत्झ शोधताना आपण कपाटाच्या फटीतला पावाचा कणही सोडत नाही. ह्या वर्षी त्या सफाईत एक दिवस जिन्यासाठी आणि मिक्लातसाठी काढावा, असे आम्ही सुचवतो. वरच्या मजल्यावर रशियन बाई असेल, समोर मोरोक्कोचे कुटुंब असेल, खाली इथिओपियाचे. त्यांना आधी जाऊन सांगावे, कागद चिकटवू नये. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी चहा करावा. आणि स्पाँजाचे पाणी त्या दिवशी वरून खाली, शेवटच्या पायरीपर्यंत न्यावे.